सोलापूरहून साल्झबर्ग: ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या जागा पायी कशा बघायच्या

माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेलं. आमच्या घरी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा सिनेमा पहिल्यांदा लागला तो भाड्याच्या व्हीसीआरवर. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मठातली मारिया कॅप्टन ट्रॅपच्या सात पोरांना सांभाळायला जाते, त्यांना गाणी शिकवते, कॅप्टनशी लग्न करते आणि शेवटी सगळं कुटुंब नाझींपासून निसटतं, अशी ती गोष्ट. मारिया खिडकीचे पडदे उतरवून सात पोरांचे कपडे शिवते, तो प्रसंग आला तसे बाबा पुढे सरकून बसले. म्हणाले, “पडद्याचं कापड आहे ते. पोरांच्या अंगाला टोचणार.” गाणी आम्हाला नंतर पाठ झाली. त्या दिवशी घरात चर्चा झाली ती कापडाची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी, वहिनी, तिच्या दोघी मुली आणि गुडघे धरलेली माझी आई अशा पाच जणी साल्झबर्गला जाऊन आलो. तिथे एका जागेवरून दुसरीकडे जाताना आमच्याकडून काही चुका झाल्या, काही गोष्टी छान जमल्या. परत आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांनी फोन करून “कसं गेलात, कुठून सुरुवात केली?” असं विचारलं. म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढते आहे.

आधी वही घेऊन सिनेमा बघा

तिकिटांच्याही आधी करायचं काम हे. सिनेमा १७४ मिनिटांचा आहे, त्यामुळे दोन संध्याकाळी लावा. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक प्रसंगासमोर लिहा: ही जागा खरी आहे, स्टुडिओतली आहे, की खऱ्या ट्रॅप कुटुंबाची आहे? या तीन गोष्टी मनात वेगळ्या केल्या नाहीत तर साल्झबर्गमध्ये हटकून निराशा होते.

दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ यांच्या चमूने १९६४ च्या एप्रिल ते जुलै या काळात साल्झबर्ग आणि आसपास चित्रीकरण केलं. घराच्या आतले बहुतेक प्रसंग अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाले. मार्च १९६५ मध्ये सिनेमा आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. ही गोष्ट ज्यांच्यावरून घेतली ते खरे कॅप्टन गेऑर्ग आणि मारिया फॉन ट्रॅप यांचं लग्न १९२७ सालचं. कुटुंबाने ऑस्ट्रिया सोडली ती १९३८ मध्ये, नाझी जर्मनीने तो देश ताब्यात घेतला त्या वर्षी. म्हणजे एकाच गावात दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात, एक घडलेली आणि एक सांगितलेली.

हा सिनेमा म्हणजे वाकळ आहे असं समजा. कॅप्टनचं घर पडद्यावर एकसंध दिसतं, पण त्याचा दर्शनी भाग एका वाड्याचा, तळ्याकडचा भाग दुसरीकडचा, आतल्या खोल्या स्टुडिओतल्या आणि बागेतला काचेचा मंडप आता तिसऱ्याच ठिकाणी आहे. कुठला तुकडा कुठून आला हे ओळखत फिरण्यातच या सहलीचा खरा आनंद आहे. “ट्रॅपचं घर दाखवा” म्हणून गेलात तर तसं घर कुणालाच दाखवता येणार नाही. आम्हाला एका सहल एजंटने “वाड्यात आतून फिरवतो” असं सांगून पाच जणींची नावंही लिहून घेतली होती. प्रत्यक्षात त्याच्या कार्यक्रमात बस वाड्यासमोरून जाणार, एवढंच होतं. वही हाताशी होती म्हणून वेळेत कळलं.

मुलींना मूळ सिनेमा लांब वाटत असेल तर आधी ‘डो-रे-मी’ एवढंच गाणं दाखवा. वहिनीने पेटीवर सा रे ग म वाजवून दोन्ही स्वरावली शेजारी शेजारी मांडल्या. त्यानंतर पोरींनी स्वतःहून पुढचा सिनेमा लावायला सांगितला.

कधी जायचं

मेचा दुसरा पंधरवडा, जून किंवा सप्टेंबर. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून आम्ही मे धरला. सोलापुरात तेव्हा पारा ४२ च्या पुढे आणि तिथे सकाळी स्वेटर. हा फरक आईसारख्या माणसाला सोसायला दोन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी जास्त चालायचं ठरवू नका.

जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत साल्झबर्गचा संगीत महोत्सव असतो. गाण्याची आवड असेल तर त्यासारखं सुख नाही, पण खोल्यांचे दर चढतात आणि मुख्य नाट्यगृहात बघे म्हणून शिरणं अवघड होतं. हिवाळ्यात हेलब्रुन या जुन्या राजवाड्याची कारंजी बंद असतात आणि चौकांतली काही कारंजी लाकडी फळ्यांनी झाकलेली असतात.

पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात धरून चाला. तिथल्या पावसाला ‘श्नुर्लरेगन’ म्हणतात, म्हणजे दोऱ्यांचा पाऊस. मागावर ताणा लावलेला असतो ना, तसा तो सरळ, बारीक आणि न थांबता पडतो. १९६४ मध्येही त्याने चित्रीकरण फार रखडवलं होतं. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

पासपोर्ट, व्हिसा

पासपोर्टचं काम सोलापुरातल्या टपाल कार्यालयाच्या पासपोर्ट केंद्रात होतं. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा आहे: ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे. विमान जर्मनीत उतरत असलं तरी मुक्काम साल्झबर्गला असेल तर अर्ज ऑस्ट्रियाचा. अर्ज स्वीकारणारं केंद्र पुण्यात आहे आणि मुंबईतही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा सगळ्यांची वेळ एकाच दिवशी मिळेल असं बघा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मर्यादा पंधरा दिवसांची. उन्हाळी सुट्टीसाठी तीन महिने आधी करून मोकळं व्हावं. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५ युरो, शिवाय केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. ज्येष्ठांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचा कलम नीट वाचा.

आमच्यासारखं आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांसोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. भाऊ येत नव्हता. त्याचं संमतीपत्र आम्हाला ऐनवेळी आठवलं आणि सोलापूर-पुणे अशी एक खेप वाढली.

पोचायचं कसं

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. विमान बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतं, म्हणजे मुंबईत पूर्ण दिवस हाताशी राहतो. नातेवाइकांकडे टेकायची सोय करून ठेवा. गाडीला उशीर होईल या भीतीने जीव टांगणीला लागत नाही.

साल्झबर्गला छोटा विमानतळ आहे, पण मुंबईहून थेट विमान जातं म्युनिकला. तिथून साल्झबर्ग रेल्वेने गाठायचं. चार-पाच जण असाल तर ‘बायर्न तिकीट’ घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो, विमानतळावरून निघणारी लोकल त्यात येते आणि सीमेपलीकडे साल्झबर्ग मुख्य स्टेशनपर्यंत ते चालतं. यात लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. हे तिकीट फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीत बसलात तर दंड. आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. आम्ही सव्वाआठलाच फलाटावर होतो. नऊ वाजेपर्यंत बाकावर बसून घरच्या दशम्या खाल्ल्या. लोकलने म्युनिक ओस्ट स्टेशनला उतरा आणि तिथून साल्झबर्गची प्रादेशिक गाडी पकडा. ओस्टचं स्टेशन मुख्य स्टेशनापेक्षा आटोपशीर आहे, सामान घेऊन गाडी बदलायला बरं पडतं.

पासपोर्ट नेहमी अंगावर ठेवा. दोन्ही देश शेंगेनमधले असले तरी साल्झबर्गहून जर्मनीकडे जाताना सीमेवर पोलीस डब्यात शिरून कागद बघतात.

बॅगेत काय

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हे घराच्या ओढीने सांगत नाही, हिशेबाने सांगते आहे. कडक भाकरी आठवडाभर टिकते आणि विमानातल्या कोरड्या हवेत आणखीच कडक राहते. ऑस्ट्रियात बाहेरचं जेवण महाग आहे, आणि शाकाहारी माणसाला रोज संध्याकाळी चीज घातलेले शेवयांसारखे ‘स्पेट्झले’ किंवा सफरचंदाचा ‘श्ट्रुडल’ एवढ्यावर भागवावं लागतं. ‘कायझरश्मार्न’ नावाचा गोड पदार्थ मुलींना फार आवडला, पण त्यात अंडं असतं, स्पेट्झलेतही असतं. सिनेमातल्या गाण्यात येणारं ‘श्निट्झल’ म्हणजे मांस, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

दूध आणि मांस यांपासून बनलेलं काहीही युरोपात नेता येत नाही. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. चटणी-भाकरीला अडचण नाही. नळाचं पाणी खुशाल प्या, ते डोंगरातल्या झऱ्यांचं आहे. रिकामी बाटली तेवढी सोबत हवी. रविवारी दुकानं बंद असतात, मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट तेवढं उघडं मिळतं. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी एका छोट्या बटव्यात वेगळी ठेवा आणि तो बटवा आईकडे द्या.

एक जाडसर सोलापुरी चादर घ्या. ती कशासाठी ते तिसऱ्या दिवशी वेर्फेन गावात कळेल.

आणि पडद्याच्या कापडाचे कपडे. वहिनीने नव्या पेठेतून पांढऱ्यावर हिरवी पानं असलेलं पडद्याचं कापड आणलं आणि दोघींना झगे शिवले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत धाकटी मान खाजवत होती. बाबांचं निदान अचूक होतं. तुम्ही शिवणार असाल तर गळ्याला आणि बाहीला मलमलीचं अस्तर लावा, आणि कापड आधी दोनदा धुऊन घ्या म्हणजे खळ जाते.

पहिला दिवस: नदीच्या दोन्ही तीरांवर

हे सगळं गाव पायी होतं. तरीही ‘साल्झबर्ग कार्ड’ विचारात घ्या. २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं. शहरातल्या बस, किल्ला, हेलब्रुनची कारंजी, म्योंख्सबर्ग टेकडीची लिफ्ट, उंटर्सबर्ग डोंगराची केबल कार, सगळ्यांत एकेकदा प्रवेश त्यात येतो. ४८ तासांचं घेऊन ते पहिल्या दिवशी न वापरता दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा, कारण पहिल्या दिवसाची बहुतेक ठिकाणं फुकट आहेत. हॉटेलात शिरताना पाहुण्यांसाठीच्या वाहतूक तिकिटाचीही चौकशी करा.

सुरुवात मिराबेल बागेपासून. सकाळी आठच्या आत जा. नऊनंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि ‘डो-रे-मी’च्या शेवटच्या पायऱ्यांवर रांग लागते. हा राजवाडा १६०६ मध्ये आर्चबिशप वोल्फ डीट्रिश याने सालोमे आल्ट हिच्यासाठी बांधला. बागेला तिकीट नाही. उत्तरेच्या टोकाला पंख असलेल्या घोड्याचं, पेगॅससचं कारंजं आहे, त्याभोवती मुलं फेर धरतात. त्याला लागूनच त्या पायऱ्या. वरच्या पायरीवर उभं राहून मागे वळलं की बाग, तिच्यामागे मनोरे आणि त्यांच्यावर किल्ला असं एका रेषेत दिसतं. फोटो काढणाऱ्याने खाली उभं न राहता वर चढून घ्यावा, हे आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात कळलं. वेलींचा बोगदा बागेच्या कडेला आहे. बुटक्यांची बाग जरा बाजूला पडते म्हणून लोक चुकवतात. तिथे चष्मेवाला संगमरवरी बुटका शोधा, सिनेमातली पोरं त्याच्या डोक्यावर थापट्या मारत जातात.

बागेतून नदीवर या आणि काठाकाठाने मोझार्टश्टेग या पादचारी पुलावर जा. १९०३ चा लोखंडी पूल आहे, मुलं त्यावरून पळत जातात. पूल ओलांडला की दोन मिनिटांत रेसिडेन्झ चौक. मारिया मठातून निघून गाणं म्हणत येते, तेव्हा जाता जाता घोड्यांच्या ज्या कारंज्याचं पाणी उडवते ते हेच, सतराव्या शतकातलं. पुढे याच चौकात नाझी झेंडा आणि कवायत करणारे सैनिक दिसतात. १९३८ बघितलेली माणसं १९६४ मध्ये या चौकाच्या आजूबाजूला राहत होती. ते दृश्य घेताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला तिथे उभी असताना पहिल्यांदा आला. आम्ही थोडा वेळ काहीच न बोलता बसलो.

तिथून सेंट पीटरची दफनभूमी. कुटुंब थडग्यांआड लपतं तो प्रसंग स्टुडिओत झाला, पण त्याचा नमुना हा. कड्याच्या पायथ्याशी लोखंडी जाळ्यांची कोनाडेवजा दालनं बघितलीत की ओळख पटते. ही चालती दफनभूमी आहे, लोक फुलं घेऊन येतात. लपाछपीचे फोटो इथे काढू नका.

बाजूलाच फेल्झनराइटशूले. महोत्सवात कुटुंब शेवटचं गातं ते खडकात कोरलेलं नाट्यगृह. १६९३ मध्ये दगडाच्या जुन्या खाणीत घोड्यांच्या कवायतीसाठी ते घडवलं, कड्यात तीन मजल्यांवर ९६ कमानी आहेत. आत जायचं तर महोत्सव नाट्यगृहांची मार्गदर्शित फेरी घ्यावी लागते. ती ठरावीक वेळीच असते आणि तालमी असल्या की रद्द होते. तिची वेळ आदल्या दिवशी बघून बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. सिनेमातलं ‘एडलवाइस’ हे गाणं म्हणजे ऑस्ट्रियाचं लोकगीत असल्याचं आपल्यातले पुष्कळ जण समजतात. ते संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी, ज्यावरून सिनेमा झाला त्या १९५९ च्या नाटकासाठी रचलं, आणि हॅमरस्टाइन यांनी लिहिलेलं ते शेवटचं गीत. तिथल्या सामान्य माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. मूळ सिनेमाही तिकडे फारसा चालला नव्हता, कारण याच कुटुंबावर जर्मन भाषेत सिनेमा १९५६ मध्येच येऊन गेला होता. तेव्हा दुकानदाराने कोऱ्या चेहऱ्याने बघितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

संध्याकाळी नॉनबर्ग मठ. स्थापना आठव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तेव्हापासून तिथे अखंड जोगिणी राहत आहेत. जुन्या गावातून जिना आहे, तो चढ उभा आणि दमवणारा. गुडघ्यांचा त्रास असेल तर किल्ल्याच्या बाजूने येणारा रस्ता धरा, तो चढाचा असला तरी पायऱ्या नाहीत आणि वाटेत टेकायला जागा आहेत. “इथं कुठं टेकू का गं जरा?” असं आईने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा भिंतीचा कट्टा मिळाला. सिनेमातलं मठाचं फाटक खरं आहे. मुलं मारियाला भेटायला येतात ते इथेच. आतले प्रसंग स्टुडिओतले. खरं लग्न मात्र याच मठाच्या चर्चमध्ये लागलं. चर्च उघडं असतं. आत आवाज नको, गाणं तर मुळीच नको. प्रार्थनेची वेळ साधलीत तर जाळीआडून जोगिणींचा स्वर ऐकू येतो. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातलं खरं संगीत ते.

दुसरा दिवस: एका घराचे चार तुकडे

जुन्या गावातून दक्षिणेला अर्ध्या तासाच्या अंतरावर लिओपोल्ड्सक्रोनचं तळं. राजवाडा १७३६ चा. १९१८ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी तो विकत घेतला. आता तिथे हॉटेल आहे आणि आवार पाहुण्यांपुरतं. काही बिघडत नाही. सिद्धेश्वरचं देऊळ जसं तळ्याच्या पलीकडच्या काठावरून जास्त शोभतं, तसाच हा वाडा समोरच्या काठावरून बघावा. तळ्याभोवतीची पायवाट सगळ्यांना खुली आहे. होडी उलटते तो प्रसंग याच पाण्यातला, पण ज्या गच्चीवरून कॅप्टन रागावतो ती गच्ची या वाड्याची नाही, शेजारच्या जागेची आहे. होडी उलटताना सगळ्यात धाकटी मुलगी, किम कॅरथ, हिला पोहता येत नव्हतं. मारियाचं काम करणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांनी तिच्या बाजूला पडून तिला धरायचं ठरलं होतं आणि त्या नेमक्या दुसऱ्या बाजूला पडल्या. हे काठावर बसून मुलींना सांगा, त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. नाचाच्या दालनाचा नमुना वाड्यातल्या व्हेनिशियन दालनाचा, दालन मात्र स्टुडिओत उभारलेलं.

दुसरा तुकडा फ्रोनबर्ग. पिवळा वाडा, पुढे फाटक आणि लांब भिंत. मारिया गिटार आणि बॅग घेऊन धापा टाकत येते ते हे फाटक. आत संगीत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे, म्हणून फाटकाबाहेरूनच बघायचं. आम्ही गेलो तेव्हा वरच्या खिडकीतून कुणीतरी व्हायोलिनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं.

हा वाडा हेलब्रुनर आले या रस्त्यावर आहे आणि या रस्त्यासाठी मी वेगळं सांगेन: इथे बस धरू नका, चाला. सतराव्या शतकात आखलेला, दुतर्फा जुन्या झाडांचा, गाड्यांना बंदी असलेला सरळ रस्ता. फ्रोनबर्गपासून रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांत हेलब्रुन येतं. आईसुद्धा न थांबता चालली. सावली आणि सपाट जमीन असली की गुडघे तक्रार करत नाहीत. ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी गावातून २५ नंबरची बस धरून थेट हेलब्रुनला उतरावं.

हेलब्रुनच्या बागेत काचेचा मंडप ठेवला आहे. तो आधी लिओपोल्ड्सक्रोनला होता. बागेच्या या भागाला तिकीट नाही. मंडप बघून “एवढासाच?” असं होतं, कारण आतलं नृत्य स्टुडिओत, मोठ्या प्रतिकृतीत झालं. दाराला कुलूप असतं. बाकांवरून उड्या मारायचा मोह मोठ्या माणसांनाही आवरत नाही, म्हणून. बाहेरून फोटो घ्या आणि कारंज्यांकडे जा. आर्चबिशप मार्कुस झिट्टिकुस याने पाहुण्यांची फजिती करायला ही कारंजी बांधली. दगडी मेजाभोवतीच्या बैठकांतून पाणी उडतं, यजमानाची बैठक तेवढी कोरडी. सिनेमाशी त्यांचा संबंध नाही, पण मुलं सोबत असतील तर वगळू नका. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आकाश स्वच्छ असेल तरच त्याच बसने पुढे उंटर्सबर्गच्या केबल कारला जा. १७०० मीटरच्या वर नेते. शेवटच्या प्रसंगात कुटुंब डोंगर ओलांडतं त्या वाटेने खरोखर गेलं तर माणूस जर्मनीत, म्हणजे हिटलरच्या हद्दीत उतरतो. वर उभं राहिलं की हे नकाशाशिवाय दिसतं. वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास देखभालीसाठी ती काही आठवडे बंद असते.

तिसरा दिवस: वेर्फेन

एकच दिवस जास्तीचा असेल तर तो इथे घालवा. मोंडझेचं चर्च, उंटर्सबर्ग, सगळं सोडलं तरी चालेल.

साल्झबर्गहून रेल्वेने पाऊण तास. जाताना डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीत बसा, पण आयगेन स्टेशन गेलं की लक्ष ठेवा. खरं ट्रॅप कुटुंब आयगेनला राहत होतं. १९३८ मध्ये त्यांनी डोंगर वगैरे ओलांडला नाही, घराजवळून रेल्वे धरली आणि इटलीला गेले. गेऑर्ग यांचा जन्म झाराचा, ते शहर पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेलं, त्यामुळे त्यांच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. मुलांच्या शाळेच्या सहलीसारखं वाटावं इतक्या साधेपणाने ते निघाले. मला हे सिनेमातल्या शेवटापेक्षा जास्त धीराचं वाटतं.

वेर्फेन गावातून ‘साउंड ऑफ म्युझिक’ची खुणा केलेली पायवाट वर कुरणाकडे जाते. चढ हलका आहे, तासाभरात रमतगमत होतो. वर आलात की समोर होहेनवेर्फेनचा किल्ला आणि मागे डोंगर. मारिया गिटार काढून मुलांना पहिला स्वर शिकवते तो प्रसंग इथला. इथे दुकान नाही, रांग नाही. चादर अंथरा, भाकरी-चटणी काढा. शेत कुणाचंतरी आहे, वाढलेलं गवत तुडवू नका, वाटेच्या कडेला बसा. आमच्या पोरी गायल्या, आधी डो रे मी, मग सा रे ग म, आणि मग दोन्ही एकमेकींच्या अंगावर. आईने चादरीवर पाय पसरले ते दीड तास हलली नाही.

सुरुवातीचं ते हिरवं टेकाड, जिथे मारिया गिरकी घेते, ते वेर्फेनचं नव्हे. ते सीमेपलीकडे, जर्मनीत, मार्क्टशेलेनबर्गजवळ खासगी शेतात आहे. सिनेमात ती तिथून मठाची घंटा ऐकून धावत सुटते, प्रत्यक्षात अंतर कित्येक मैलांचं. तिथे पोचायला खटपट फार आणि पोचल्यावर कुंपण. मी जाऊ नका म्हणेन.

चौथ्या दिवशी वेळ उरला तर

मोंडझेचं चर्च. सिनेमातलं लग्न इथलं. स्टेशनसमोरून १४० नंबरची बस जाते. पिवळा दर्शनी भाग, दोन मनोरे, आणि आत काळ्या-सोनेरी वेद्या. मधल्या वाटेने हळूहळू चालत जा, ती वाट पडद्यावर वाटते त्यापेक्षा आखूड आहे. लग्नसमारंभ चालू असेल तर बाहेर थांबा. शनिवारी तसं बरेचदा होतं, म्हणून शनिवार टाळलेला बरा.

अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित बस मिराबेल चौकातून निघते आणि तीत लिओपोल्ड्सक्रोन, हेलब्रुन, मोंडझे असं सगळं येतं. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठी ती चांगली. इतरांनी ती घ्यायचीच तर पहिल्या दिवशी घेऊ नये. आधी आपल्या पायांनी जागा शोधाव्यात.

रात्री मुलींसाठी कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह बघा, मिराबेलजवळच आहे. १९१३ पासून चालू आहे आणि हीच कथा ते बाहुल्यांतून सादर करतात. तारखा आधी बघून तिकीट घरूनच काढा.

परतीच्या दिवशी पुन्हा तोच नऊचा नियम. विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल तर साल्झबर्गहून नऊनंतरची प्रादेशिक गाडी धरा, म्युनिक ओस्टला बदला आणि विमानतळावर किमान तीन तास आधी पोचाल असा हिशेब ठेवा. सीमेवर तपासणीसाठी गाडी थांबते, तो वेळ त्यात मोजा. आमची गाडी तिथे वीस मिनिटं उभी होती. पोलिसाने धाकटीच्या झग्याकडे बघितलं, मग पासपोर्टकडे, आणि पुढच्या डब्यात गेला.